गॅप भरताना

सुपरमार्केटात रॅकवरचा माल संपून मोकळी जागा दिसायला लागली की तिला गॅप म्हणतात. 'काकू, तेलाला गॅप आहे', 'साबणाची गॅप भरून घ्या' हे दिवसातून पन्नासदा कानावर पडतं. माझ्या बायोडेटातही एक गॅप होती, २०१० ते २०२४, चांगली चौदा वर्षांची. ती कशी भरायची हे सांगणारं मला तेव्हा कोणी भेटलं नाही. म्हणून हे तारखांसकट लिहून ठेवतेय.

माझं थोडक्यात सांगते. बी.कॉम. झालेय, वय त्रेचाळीस, राहायला पुण्यात, धायरीत. लग्नाआधी आणि नंतर मिळून चार वर्षं एका पतसंस्थेत काउंटरला होते. मुलगा झाला, रजा घेतली, ती रजा काही संपलीच नाही. २०२४ च्या जूनमध्ये मुलगा दहावीत गेला, क्लासची फी आली आणि त्याच महिन्यात ह्यांच्या भोसरीच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला. दोन्ही एकदम. मी शिवणकाम, डबे, शिकवण्या सगळ्याचा विचार करून पाहिला. डब्यांना भांडवल लागतं, शिकवण्यांना दहावीचं नवीन गणित यावं लागतं. किराणा मात्र मी वीस वर्षं भरतेय. तेवढ्या भांडवलावर निघाले.

सुपरमार्केटात नोकरी मागायची कुठे, इथपासून सुरुवात होती. मोठ्या दुकानांच्या दाराशी 'पाहिजेत' असा कागद लावलेला असतो, तो आपण आत जाताना कधी वाचत नाही. फॉर्म बहुतेक वेळा सिक्युरिटीच्या टेबलावरच मिळतो. शनिवार-रविवारी जाऊ नका आणि महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतही नको, कारण लोकांचे पगार झालेले असतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि मॅनेजर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. मंगळवार-बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला जा. हे मला दोन हेलपाटे घातल्यावर कळलं.

पहिल्या दुकानात फॉर्मवरच 'वय १८ ते ३५' छापलेलं होतं. तरी भरला. सिक्युरिटीवाल्या काकांनी तो हातात घेतला, वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता परत दिला. घरी येऊन मी साबुदाणा भिजवला आणि तासभर कोणाशी बोलले नाही.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात. 'सुपरमार्केटमध्ये पॅकिंग, पगार २२,०००, राहणं-खाणं मोफत.' फोन केला तर पलीकडची बाई फार गोड बोलली. युनिफॉर्म आणि रजिस्ट्रेशनचे ८५० रुपये आजच भरा, उद्या जॉइनिंग. माझा अंगठा खरंच फोनवर होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अगं, दुकानाचा पत्ता तर विचार. पत्ता विचारला आणि फोन कट. नोकरी देणारा पैसे मागतोय म्हणजे नोकरी नाही, हे आता मी सगळ्यांना सांगत सुटते. त्या दिवशी मला हे कळायला वहिनी लागल्या.

तिसरीकडे, ३० जूनला पालख्या पुण्यात आल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात, स्वारगेटजवळ एका जिन्यावरच्या खोलीत बोलावलं. दुकान वेगळं, हे ऑफिस ठेकेदाराचं. पगार बारा हजार, हातात. पीएफ? 'मॅडम, पीएफ कापला तर हातात कमी येईल, तुमचंच नुकसान.' पगाराची चिठ्ठी? 'अकाउंटला येतो ना.' सुट्टी घेतली तर? 'तेवढे कट.' मी विचार करते म्हणून उठले. जिना उतरताना वाटलं की चूक केली, हातातली गेली.

चौथं दुकान सिंहगड रस्त्यावरचं, एका साखळीचं, नाव सांगत नाही. तिथे फॉर्म १६ जुलैला दिला, आषाढीच्या आदल्या दिवशी. आठवड्याने फोन आला, गुरुवार २५ जुलैला अकराला या.

२५ जुलै २०२४ पुणेकरांना वेगळं सांगायला नको. रात्रभर पाऊस, खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं, एकतानगरीत सोसायट्यांत पाणी शिरलेलं. मी साडेनऊला छत्री घेऊन दारात उभी. ह्यांनी विचारलं, पोहत जाणार आहेस का. मी दुकानात फोन लावला, कोणी उचलेना. मग एचआरच्या नंबरावर मेसेज टाकला, 'आज येऊ शकत नाही, पुढची तारीख द्यावी ही विनंती.' पुढे कळलं, त्या दिवशी सहा जणांना बोलावलं होतं, कोणीच पोचलं नाही, पण मेसेज मी एकटीनेच केला होता. २९ तारीख मिळाली.

मुलाखत गोडाऊनच्या कोपऱ्यात, तांदळाच्या पोत्यांना पाठ लावून. मॅनेजर असेल सव्वीस-सत्तावीसचा. बायोडेटा वाचता वाचता म्हणाला, 'चौदा वर्षं काय केलं?' मी म्हटलं, 'घर.' त्याने मान डोलावली आणि पुढचं विचारलं. मी आठ दिवस आरशासमोर पाठ केलेलं उत्तर वायाच गेलं.

दोनच प्रश्न खरे होते. बिल झालं ३८७, गिऱ्हाइकाने ५०७ दिले, किती परत? मी म्हटलं १२०. वरचे सात का दिले? सुट्ट्यांची कटकट नको म्हणून. तो हसला. माझ्या आधीच्या मुलाने म्हणे सात रुपये परत देऊन ११३ मोजले होते. हिशोब बरोबरच, पण रांगेतला माणूस चिडणार. दुसरा प्रश्न दह्याचा. दोन कप, एकावर ३ ऑगस्ट, एकावर ११ ऑगस्ट. पुढे कोणता ठेवाल? ३ चा. आणि मी बोलून गेले, 'पण आम्ही बायका मागे हात घालून ११ चाच काढतो.' 'म्हणूनच तर रोज परत लावायला माणूस लागतो,' तो म्हणाला. ज्याची तारीख आधी संपते तो आधी विकायचा, याला ते फेफो म्हणतात. मला आधी ते कुत्र्याचं नाव वाटलं.

मग पगार. जाहिरातीत '१८,००० पर्यंत' होतं. स्वारगेटच्या जिन्याचा अनुभव होता म्हणून मी वही काढून बसले आणि विचारलं, हातात किती? एचआरच्या मुलीने सरळ कागद पुढे केला, हे तिचं मला आवडलं. मूळ पगार आणि महागाई मिळून १३,६००, घरभाडं ६८०, इतर ७२०. झाले १५,०००. त्यातून माझा पीएफ १२ टक्के म्हणजे १,६३२, ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची कपात, ०.७५ टक्के म्हणजे ११३. हातात १३,२५५. मग अठरा हजार कुठे? तर कंपनी तिच्या बाजूने जो पीएफ आणि ईएसआय भरते तो, आणि बोनसचा महिन्याचा हिस्सा, हे सगळं मिळवून. खोटं नाही, पण घरखर्च त्या आकड्यावर मांडू नका. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर लागत नाही. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाचे त्यापायी महिन्याला २०० जातात आणि फेब्रुवारीत ३००. तो म्हणतो, काकू, हा अन्याय आहे. मी म्हणते, असू दे एखादा.

आणि दुसरा प्रश्न जो मी विचारला, तो सगळ्यात कामाचा निघाला: मी कोणाच्या रोलवर, म्हणजे कोणाच्या पटावर? दुकानाच्या की ठेकेदाराच्या? ती म्हणाली, 'कंपनी रोल. फ्लोअरला दोन्ही असतात.' हे 'दोन्ही असतात' म्हणजे काय, ते तेव्हा नीट कळलं नाही.

कागदपत्रांत माझं घोडं अडलं. आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या. बँकेचं पासबुक आधारप्रमाणे. पीएफचा बारा आकडी यूएएन, म्हणजे खात्याचा नंबर, आधारावरून निघाला, पण त्याला पॅन जोडलं जाईना, नाव जुळत नाही म्हणून. एकोणीस वर्षांत हे बदलायचं मला कधी सुचलंच नव्हतं, कारण पॅन लागायचंच कशाला? विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र शोधलं, ते देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात सासूबाईंच्या पत्रिकेबरोबर सापडलं. ऑनलाइन दुरुस्तीचा अर्ज, फी १०७ रुपये, सोळा दिवसांनी नवीन कार्ड घरी. अर्जाच्या पावतीवर जॉइनिंग झालं, अडवलं नाही. पण तुम्ही नोकरी शोधायच्या विचारात असाल तर आजच आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नावातलं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. स्पेलिंगमधला एक जादा 'ए'सुद्धा चालत नाही.

खाण्याच्या वस्तूंशी संबंध येतो म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. अन्नसुरक्षेच्या नियमाने ते दरवर्षी नवं करायचं असतं. रक्त, डोळे, त्वचा, टायफॉइडची लस. माझे ६५० गेले, पावती जपून ठेवली म्हणून दुसऱ्या पगारात परत मिळाले. ज्यांनी पावती टाकली त्यांना नाही मिळाले.

५ ऑगस्टला, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, हजर झाले. उपासाच्या दिवशी जॉइन व्हायची हौस माझीच. पहिले दोन तास सह्या. सतरा कागद मोजले. पीएफचं घोषणापत्र, ईएसआयसाठी घरच्यांची माहिती, वारसाचं नाव, युनिफॉर्म मिळाल्याची पावती आणि मधेच एक कागद, 'रात्री ९.३० नंतर काम करण्यास माझी संमती आहे.' आपल्याकडच्या दुकानांच्या कायद्यात बाईला सकाळी ७ ते रात्री ९.३० च्या बाहेर तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. बाकीच्या मुली भराभर सह्या करत होत्या. मी विचारलं, गाडी सोडते का घरापर्यंत? एचआरची मुलगी जरा थांबली, विचारून येते म्हणाली, आणि आली ती 'गाडी मुख्य रस्त्यापर्यंत' असं उत्तर घेऊन. धायरीत मुख्य रस्ता ते आमचं घर म्हणजे अंधाराचा अर्धा किलोमीटर. मी त्या कागदावर सही केली नाही. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. मला वाटलं होतं नोकरी जाईल.

मला मिळालं स्टेपल्स, म्हणजे धान्य, डाळी, पीठ, तेल, साखर. काम ऐकायला सोपं. सकाळी साडेनऊला आत, हजेरीला अंगठा, मग रॅकवरून फिरून गॅप लिहायच्या, गोडाऊनमधून ट्रॉली आणायची, जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे लावायचा, पाकिटाचं तोंड गिऱ्हाइकाकडे करायचं. त्याला फेसिंग म्हणतात. सुट्ट्या डाळींचं पॅकिंग आमच्याकडेच: काट्यावर रिकामी पिशवी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मग डाळ. काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, तारीखही असते. मी आता कुठल्याही दुकानात गेले की आधी तो शिक्का बघते.

पाय. याबद्दल कोणी आधी बोलत नाही. नऊ तासांत मधली सुट्टी सोडली तर बसायचं नाही. मी पहिल्या दिवशी घरातल्या वापरातल्या चपला काळ्या मोज्यांवर घालून गेले होते. तिसऱ्या दिवशी टाचेत असं काही सुरू झालं की सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवायची भीती वाटायला लागली. लक्ष्मी रोडला जाऊन १,२०० चे बूट घेतले. संध्याकाळी घ्या, पाय सुजलेले असताना, आणि आतला गादीचा तळवा जाड बघा. अपमान वाटेल पण पहिल्या पगाराआधी हा खर्च करा. आठवडाभर रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायचे आणि मुलगा समोर बीजगणित करायचा. तो एकदा मान वर न करता म्हणाला, 'आई, सोड ना.' मी म्हटलं, पगार होऊ दे एकदा.

सहा दिवस काम, एक दिवस सुट्टी, माझी मंगळवारी. सणाच्या आठवड्यात तीही हलते. वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, पण त्या मागाव्या लागतात, आणि सणाला सगळ्यांनाच हव्या असतात. गौरीपूजन ११ सप्टेंबरला होतं, मी महिनाभर आधी लिहून दिलं आणि त्या बदल्यात विसर्जनाच्या दिवशी, १७ तारखेला, आले. त्या दिवशी दुकानात शुकशुकाट. अख्खं पुणं लक्ष्मी रोडला आणि आम्ही चौघीजणी साखर लावतोय.

हाका मारायचा गोंधळ वेगळाच. आमचा फ्लोअर सुपरवायझर माझ्या भाच्याएवढा. त्याला सर म्हणायला जीभ वळेना, नुसतं नाव घेणं बरं दिसेना. आठवडाभर मी 'अहो', 'ऐका ना' वर भागवलं, जसं काही नवऱ्यालाच हाक मारतेय. शेवटी तोच म्हणाला, 'काकू, दादा म्हणा.' तेव्हापासून तो दादा. त्याला दादा म्हणायला लागल्यावर तो माझ्याशी थोडा जास्त नीट वागायला लागला, आणि खरं सांगायचं तर मीही.

ऑगस्टच्या शेवटी आमच्या भिशीतल्या एक बाई समोर आल्या. मी बासमतीच्या रॅकपाशी खाली बसून तळाची रांग लावत होते. त्यांची चप्पल ओळखली. पुढच्या क्षणी मी ट्रॉली ढकलत गोडाऊनच्या पट्ट्यांच्या पडद्याआड. दहा मिनिटं उगाच पोती मोजत उभी. बाहेर आले तर त्या तिथेच. 'अगं, बारीक रवा कुठे ठेवलाय? मघाशी तू दिसलीस म्हणून थांबले.' रवा काढून दिला. पुढच्या भिशीला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, गुळाचा भाव उतरेल का गं? त्यानंतर मी भिशीची बाजारभाव अधिकारी.

पहिला पगार ७ सप्टेंबरला, नेमका गणपती बसले त्या दिवशी. सत्तावीस दिवसांचे ११,५४६. मेसेज आला तेव्हा आमच्याकडे आरती चालू होती. फोन थरथरला, मी टाळ वाजवत राहिले.

सप्टेंबरच्या मध्यात मला बिलिंगला टाकलं, आणि तेव्हाच तेल भडकलं. सरकारने १४ सप्टेंबरपासून खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्यावर शून्याचं वीस टक्के आणि रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस. दुकानात याचा अर्थ असा की एकाच रॅकवर एकाच तेलाचे दोन छापील किमतींचे डबे. बारकोड तोच, ८९० ने सुरू होणारे तेरा आकडे. स्कॅन केलं की स्क्रीनवर चौकट येते, कोणती एमआरपी? डबा फिरवून छापील किंमत वाचायची आणि मग बोट ठेवायचं. रांगेत अकरा माणसं, मी वाचलं नाही, वरचीच दाबली. एक आजोबा, ट्रॉलीत पाच लिटरचा एक डबा आणि राजगिऱ्याच्या लाडूंचं पाकीट, बाजूला उभं राहून बिल चष्म्याजवळ धरून वाचत होते. परत आले. 'बाई, डब्यावर एक आणि कागदावर दुसरं.' मला वाटलं आता आवाज चढणार. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला, छापील आकडा बोटाने दाखवला आणि शांत उभे राहिले. बिल रद्द करायला दादाला किल्ली घेऊन यावं लागतं, त्यात सहा मिनिटं गेली, रांगेतले लोक आजोबांवर वैतागले, माझ्यावर नाही. चूक माझी होती. ती सहा मिनिटं मी विसरलेले नाही. आता कितीही रांग असू दे, डबा फिरवते.

दुसरी गोष्ट गल्ल्याची. सकाळी दोन हजारांचे सुट्टे मोजून मिळतात, त्याला फ्लोट म्हणतात. रात्री तो बाजूला काढून उरलेले विक्रीशी जुळले पाहिजेत. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी माझ्या गल्ल्यात ४७० कमी. तीनदा मोजले. हिशोबवाला म्हणाला, फॉर्मवर सही करा, पगारातून जातील. मी म्हटलं, आधी मला बिलं बघू दे. पतसंस्थेत चार वर्षं रोजकीर्द लिहिली होती, ती हाताला लक्षात होती. एकेक चिठ्ठी लावली. एका बाईंनी फोनवरून ४७० भरले होते, मशीन बोललंच नव्हतं, त्यांनी स्क्रीन दाखवली, मी सोडलं, आणि घाईत नोंद रोखीची केली. रविवारी दुपारी ते पैसे खात्यात दिसले. हिशोबवाल्याने फॉर्म फाडून टाकला. बिलिंगला बसणार असाल तर एक छोटी वही खिशात ठेवा, जे काही नेहमीपेक्षा वेगळं घडेल ते वेळेसकट लिहा. ४७० म्हणजे माझा एका दिवसाचा पगारच की.

टाचेचं दुखणं परत उलटलं तेव्हा ईएसआयच्या दवाखान्यात गेले. कार्ड साध्या कागदावर छापून, घरच्यांचा फोटो चिकटवून, कंपनीचा शिक्का मारून आणायचं. तपासणी आणि औषधं पहिल्या दिवसापासून मिळतात, पैसे लागत नाहीत. आजारपणाच्या सुट्टीचा भत्ता, पगाराच्या ७० टक्के, हा मात्र योगदानाचे ७८ दिवस भरल्यावर आणि पुढच्या ठरलेल्या काळातच. मी तीन दिवस घरी राहिले, ते माझ्या किरकोळ रजेतून गेले.

दिवाळी. वसुबारस २८ ऑक्टोबरला, पण आमची दिवाळी दसऱ्यापासूनच. पोहे, डाळं, मैदा, बेसन, पिठीसाखर, खोबऱ्याच्या वाट्या. रोज चार-चार वेळा तीच गॅप. इथे पहिल्यांदा मला माझं चौदा वर्षांचं घर कामाला आलेलं दिसलं. एक मुलगी, नवीन लग्न झालेली, चिवड्यासाठी जाड पोहे घेऊन निघाली होती. मी म्हटलं, अगं, हे कांदेपोह्यांचे, चिवड्याला पातळ घे, आणि अर्ध्या किलोला डाळं, दाणे मिळून पाव किलो पुरे. ती फोनमध्ये लिहून घ्यायला लागली. तिच्या मागे आणखी दोघी थांबल्या. दादा लांबून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला पोह्यांच्या रॅकपाशीच उभं केलं, आठ दिवस.

बोनस मला नव्हता. तो मागच्या आर्थिक वर्षाचा असतो आणि त्या वर्षी मी नव्हतेच. मिठाईचा डबा आणि ५०० चं कूपन मिळालं. तेव्हाच 'दोन्ही असतात' म्हणजे काय ते कळलं. माझ्याबरोबर डाळी भरणारी वेल्ह्याकडची मुलगी, वय बावीस, दोन वर्षं झाली तिला इथे. तोच टी-शर्ट, तोच ॲप्रन, तीच ट्रॉली. ती ठेकेदाराच्या रोलवर. मी कूपन दाखवलं तर म्हणाली, 'आम्हाला नसतं ते.' बोनस? 'तोही नाही.' पगाराची चिठ्ठी तिने कधी बघितलीच नव्हती. पीएफ कापतात म्हणते, पण यूएएन माहीत नाही. मी तिचा आधार नंबर सरकारच्या उमंग ॲपवर टाकून शोधला, यूएएन निघाला. पासबुक उघडलं. दोन वर्षांत सात महिन्यांचेच पैसे जमा. ती बराच वेळ स्क्रीन बघत होती. मग म्हणाली, 'काकू, हे माझेच ना?'

माझं पासबुक मी त्याआधी तिला दाखवलं होतं, तिन्ही रकाने भरलेले: माझे १,६३२, कंपनीचे ४९९, पेन्शनकडे १,१३३. दर महिन्याला. आता वाटतं दाखवायला नको होतं, किंवा आधीच दाखवायला हवं होतं.

५ फेब्रुवारीला माझे सहा महिने भरले आणि कायम केल्याचं पत्र मिळालं. पगारात ६०० वाढ. बसचा पास तेव्हा ९०० चा, बूट वर्षाला दोन जोड लागणार, डबा घरचा. क्लासची फी निघते, बाकी जे उरतं त्याला बचत म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

परवा नोटीस लागली, कंपनी रोलवर चार जागा, आतल्यांनी अर्ज करावेत. त्या मुलीचा फॉर्म आम्ही जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून भरला. ठेकेदाराकडच्या राहिलेल्या महिन्यांबद्दल पीएफ ऑफिसला तक्रारीचा अर्जही लिहून ठेवलाय, पण तो जागा मिळाल्यावर द्यायचा असं ती म्हणते, आणि मला तिला घाई करवत नाही. तिचं पॅन बरोबर आहे. आधारावर आडनावात एक 'ए' जास्त. मंगळवारी दोघींची सुट्टी जुळवून घेतलीय, पोस्टात जाऊन आधार दुरुस्त करून येऊ. टोकन लवकर संपतात, म्हणून तिला साडेआठलाच ये म्हटलंय.